गृहमंत्री महोदय, रेघ कमरेपाशी ओढा

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

माझ्या नावावर एक ठासणीची बंदूक आहे. आधी ती वडिलांच्या नावावर होती. ते गेल्यावर बऱ्याच खेपा घालून माझ्या नावावर झाली. परवान्यावर कारण लिहिलंय, शेती संरक्षण. दारू ठासायची, छर्रे भरायचे, केप बसवायची आणि रात्री डुकरांचा कळप भातात उतरला की हवेत बार काढायचा. दुसरा बार भरेपर्यंत डुकरं शेजाऱ्याच्या शेतात पोचलेली असतात. डुक्कर मारायचंच म्हटलं तर वनखात्याची परवानगी वेगळी.

2024 साली ही बंदूक मी दोनदा ठाण्यात जमा केली. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा काजूवर माकडं होती. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची लागली तेव्हा भात कापणीला आलेलं. कोणाचं शस्त्र जमा करायचं हे खरं तर छाननी समितीने ठरवायचं. आमच्याकडे तोंडी निरोप येतो आणि सगळेच जातात. गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका घेऊन ओळीत उभे असलेले आम्ही बहुतेक पन्नाशी-साठीचे. हवालदाराने नळीला सुतळीने चिठ्ठी बांधली, पावती दिली. परत मिळाली तेव्हा घोड्यावर गंज होता आणि चिठ्ठीवर भलत्याच माणसाचं नाव.

गंज घासून निघाला. पण त्या ओळीत पिस्तूल घेऊन आलेला एकही माणूस मला दिसला नाही, हे काही डोक्यातून जात नाही. आले असतील वेगळ्या वेळी, कोण जाणे.

खासगी शस्त्रांवर मर्यादा कुठे घालायची, याचा वाद निघाला की बोलणं संख्येवर येतं. 2019 मध्ये कायदा बदलला तेव्हाही तेच झालं. एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दोन केल्या. मूळ प्रस्ताव एकीचाच होता. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली. म्हणजे शस्त्र एकाने कमी आणि चौकशी दोन वर्षांनी लांब! हे गणित मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 यापेक्षा शहाणं आहे. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान 20 इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, यांना ते एका बाजूला ठेवतं. बाकीच्या बहुतेक शस्त्रांसाठी 'योग्य कारण' दाखवावं लागतं. वीस इंचाची नळी शर्टाखाली लपत नाही, लग्नाच्या मांडवात सहज मिरवता येत नाही, भांडणात पटकन हाताला लागत नाही. रेघ आधीच ओढलेली आहे, साहेब. ती कमरेपाशी आहे. फक्त कमरेला लावायच्या शस्त्राचं 'योग्य कारण' पुढे कोणी नीट तपासत नाही.

बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं उघड झालं, तेव्हा इतक्या लोकांच्या जिवावर कोण उठलंय, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राला पडला. त्यातले बरेच नंतर रद्द झाले. 2024 च्या फेब्रुवारीत आठवड्याभरात उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात आणि दहिसरमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्हीकडची पिस्तुलं परवान्याची होती, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. दहिसरचा परवाना तर अंगरक्षकाच्या नावाचा.

गुन्हेगार गावठी कट्टा वापरतात, परवानेवाल्यांना का छळता, असं कोणी म्हणेल. कट्ट्यांचा बंदोबस्त कराच. पण कट्टा सरकारला विचारून घेतलेला नसतो. परवान्यावर तुमच्या अधिकाऱ्याची सही असते.

ऑस्ट्रेलियाने 1996 नंतर स्वसंरक्षण हे बंदुकीचं कारण म्हणून मानणंच सोडलं. मी तिथवर जात नाही. साक्षीदार असतात, धमक्या खरोखर येतात. पण धमकीलाही वय असतं. जमिनीच्या वादात मिळालेला परवाना वाद मिटून दहा वर्षं झाली तरी का चालू राहावा? कलम 15 प्रमाणे कारण नोंदवून कमी मुदतीचा परवाना देता येतो. त्याला दिल्लीला जायची गरज नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा नवा परवाना एका वर्षाचाच द्या, आणि पुढच्या वर्षी धोका उरलाय का ते पोलिसांनी नव्याने, लेखी सांगावं. जुन्याच अहवालावर तारीख बदलून चालणार नाही.

आणखी एक. पडताळणीला आलेला पोलीस शेजाऱ्यांना विचारतो, सह्या घेतो, चहा पिऊन जातो. घरातल्या बाईला कोणी विचारत नाही. रात्री दारू पिऊन हा माणूस कसा वागतो, कर्ज थकल्यापासून गप्प का असतो, हे तिला ठाऊक असतं. कॅनडात अर्जावर जोडीदाराची सही मागतात; सही नसेल तर जोडीदाराला कळवलं जातं. आपल्याकडे तिच्याशी महिला पोलिसाने नवऱ्यामागे, एकटीशी बोलावं.

माझ्यापासूनच सुरुवात करा. नूतनीकरण जवळ आलंय. बायको घरीच असते. बंदूक माळ्यावर आहे, केपा आणि दारू पेटीत, आणि पेटीची किल्ली तिच्याकडे.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी