ट्रायथलॉनवाल्या काकूंना थँक्यू

काकू,

हे समोर सांगायला आले असते तर तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलला असता आणि पुढच्या रेसचा फॉर्म हातात ठेवला असता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. आता ऐकून घ्या.

झाली माझी पहिली ट्रायथलॉन. स्प्रिंटच होती, म्हणजे 750 मीटर स्विम, 20 किमी सायकल आणि 5 किमी रन. आयर्नमॅनवाले 3.8 किमी पोहतात, 180 किमी सायकल मारतात आणि वर अख्खी मॅरेथॉन पळतात, त्यांच्यापुढे आमचं सगळं चिल्लरच, पण पहिल्यांदा उतरणाऱ्याला विचारा म्हणावं. तशा तिन्ही गोष्टी मला सुट्या सुट्या येत होत्या. तुम्ही मला त्यातल्या एकातही फार फास्ट वगैरे केलं नाहीत, तसा शब्दही दिला नव्हता. तुम्ही शिकवलंत ते मधलं सगळं, एक संपून दुसरं सुरू होताना काय करायचं ते. नेटवर बघावं तर जो तो कार्बन व्हील आणि वॅट्सवर बोलतोय, ओल्या बोटांनी हेल्मेटचं बकल कसं लावायचं हे कोणी सांगत नाही.

आधी पाण्याचं. पूलमध्ये तुम्ही मला डोळे मिटून पोहायला लावलंत आणि मी थोड्याच स्ट्रोकमध्ये जाऊन लेनच्या दोरीला धडकले, तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "आता समज ही दोरी नाहीये." बास, तिथेच कळलं की ओपन वॉटरमध्ये खाली काळी पट्टी नसते आणि आपल्याला सरळ जातोय असं वाटतं म्हणून आपण सरळ जात नसतो. मग ते सायटिंग, मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, पूर्ण डोकं नाही, कारण डोकं वर आलं की पाय खाली बुडतात, आणि बघून झालं की लगेच मान बाजूला वळवून श्वास. आणि बोया, म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण, लाटेत दिसेनासा होतो म्हणून त्याच्या मागचं काहीतरी उंच आधीच हेरून ठेवायचं. मी पाण्याची एक टाकी हेरली होती. बोया अर्धा वेळ दिसलाच नाही, टाकी मात्र दिसत राहिली.

हॉर्न वाजला आणि पहिल्या दोन मिनिटांत जे व्हायचं ते झालंच. कोणाची तरी टाच माझ्या गॉगलवर, कोणाचा हात पाठीवर, श्वास घ्यायला तोंड उघडलं तर पाणीच, आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की वाटलं झालं आपलं. पण तुम्ही सांगून ठेवलं होतं की हे होणार आणि झालं तर मदतीला ठेवलेल्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला धरायचं, पुढे सरकायचं नाही, नुसतं धरून श्वास घेतला तर नियमात बसतं, कोणी बाद करत नाही. खरं सांगू, हे माहीत नसतं तर मी हात वर करून बाहेर आले असते. गेले, कयाकची कड धरली, वरच्या मुलाने विचारलं ठीक आहात ना, मी नुसती मान हलवली, गॉगलमधलं पाणी काढलं आणि सगळा घोळका पुढे गेल्यावर निवांत निघाले. स्विम सगळ्यात आधी का असतं विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यात धोक्याचं काम दमायच्या आधी उरकून घ्यायचं. पटलं.

आता तुमची ती लाडकी गोष्ट. 2000 साली सिडनीला ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली आणि बायकांच्या रेसमध्ये स्वित्झर्लंडची ब्रिजिट मॅकमॅहन ऑस्ट्रेलियाच्या मिशेली जोन्सच्या पुढे आली ती जेमतेम दोन सेकंदांनी, दोन तासांच्या रेसनंतर. ही गोष्ट तुम्ही मला पार्किंगमध्ये टॉवेल अंथरून सांगितलीत आणि वर म्हणालात, "दोन सेकंद तर तुझे एका बकलात जातात." मला काय मेडल घ्यायचं होतं, पण पाण्यातून येऊन सायकल घ्यायची तालीम मुकाट्याने केली. हेल्मेट उलटं, पट्टे दोन्हीकडे बाहेर सोडलेले, त्यात चष्मा, शेजारी बिबचा, म्हणजे स्पर्धकाच्या नंबरचा बेल्ट, बुटांना इलॅस्टिकच्या लेस. आणि बकलचा टक् आवाज आल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. हात ओले करून करून करायला लावलंत, तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

रेसच्या दिवशी माझ्या शेजारचा एक जण पट्टा लोंबकळत ठेवून सायकल काढून पळाला, ऑफिशियलने शिट्टी मारून थांबवला, तिथेच बकल लावायला लावलं, आणि त्याची बोटं अशी थरथरत होती की ते लागेचना. माझं टक् झालं होतं. इतकं बरं वाटलं ना! आणि सकाळी पाण्यातून बाहेर यायच्या जागेपासून माझ्या रॅकपर्यंत चालत जाऊन कितवी रांग ते पाठ करून ठेवलं होतं, तेही तुमच्यामुळेच, कारण तिथे सगळ्या सायकली सारख्याच दिसतात आणि डोक्यात पाणी गेल्यावर तर आपलीसुद्धा ओळखू येत नाही.

सायकलबद्दल फार लिहीत नाही. पुढच्याच्या मागे चिकटायचं नाही, 10 मीटर अंतर, कोणी ओव्हरटेक केलं तर आपणच मागे सरकायचं, हे सगळं पाळलं. शेवटी शेवटी हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवत आले, पळायला पाय मोकळे राहावेत म्हणून.

तरी उतरल्यावर पाय माझे नव्हतेच, मांड्या अजून पेडलच मारत होत्या. पण सायकलवरून उतरलं की लगेच दहा मिनिटं पळ असं तुम्ही दर रविवारी करून घेतलं होतंत, तेव्हा घाबरायला झालं नाही. "पहिल्या किलोमीटरला वाटेल हळू पळतेय, असतेस फास्ट" हे पण खरं निघालं, घड्याळ बघितलं आणि मुद्दाम वेग कमी केला. शेवटच्या वळणावर पुढची दोघं चालायला लागली होती, मी पळतच होते. टाइम विचारू नका, तुमच्या वयोगटातल्या बायकांनीसुद्धा मला मागे टाकलंय. पुढच्या वेळी तुमच्यासोबतच उतरणार आहे, त्यातून काय ते कळेलच.

आणि हो, तुम्ही जबरदस्तीने सीटखाली ठेवायला लावलेली ती स्पेअर ट्यूब. परतीच्या वाटेवर एक मुलगी पंक्चर होऊन उभी होती, पंप होता, ट्यूब नव्हती, रडकुंडीला आलेली. बाहेरच्या माणसाने मदत केलेली चालत नाही पण स्पर्धकाने स्पर्धकाला ट्यूब किंवा पंप दिला तर चालतो, चाक किंवा हेल्मेट काढून दिलं तर नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून थांबून देऊन टाकली. तिने नंतर फिनिशला मला शोधून काढलं आणि पैसे द्यायला लागली, मी घेतले नाहीत. तेव्हा ट्यूब मी नवीन आणते, फक्त सांगा, तुमच्या चाकाला लांब व्हॉल्व्हवालीच लागते ना?