पाऊण लिटर

हेदवी, ता. गुहागर
१८ फेब्रुवारी

प्रिय सुन्या,

डायलिसिसवाल्यांच्या गाडीसाठी मी धावलो, त्यासाठीचे तुझे पाच हजार पोचले. पावती मंडळाचे सेक्रेटरी पाठवतील, त्यांच्या सवडीने. सोबत तू लिहिलं होतंस, "बाबांना किती अभिमान वाटला असता." उगाच काहीतरी लिहू नकोस. तू बाबांना चांगला ओळखत होतास. ते म्हणाले असते, "का रे, एसटी बंद पडली काय?" आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं असतं.

त्या दिवशी फोनवर तुला नीट काही सांगितलं नाही, कारण बोलायचीही ताकद नव्हती. आता उजव्या अंगठ्याचं नख तेवढं काळं आहे, बाकी ठीक. आजपासून मांडी घालून बसता येतंय, म्हणून लिहायला घेतलं.

तुला वाटत होतं मी कुठल्यातरी मॅरेथॉनमध्ये नाव घातलंय. तसं नाही. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. माझं अंतर कुणी आखून दिलेलं नव्हतं. आमच्या अंगणातून तवसाळची जेटी, फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगड, तिथून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरीत, जिथे बाबांचं डायलिसिस व्हायचं त्या दारापर्यंत. साठाच्या आसपास. बाबांची एसटी जयगडहून आतल्या रस्त्याने जायची, पण तिथे बंदराच्या ट्रकांखाली सापडण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून किनाऱ्याचा रस्ता धरला. आणि वार शनिवार, कारण बाबांची पाळी मंगळवार-गुरुवार-शनिवार असायची.

एका बाजूने साठ, येऊन-जाऊन एकशे वीस, आठवड्याला तीनशे साठ. असं तीन वर्षं. पुढचा गुणाकार भाचीने मोबाइलवर केला, छप्पन हजार आले. मी म्हटलं, ठेव तो फोन.

डायलिसिसला पैसे पडत नव्हते रे. महात्मा फुले योजनेत बसत होतं ते. लोकांना सांगितलं की म्हणतात, मग अडचण काय होती? अडचण रस्त्याची होती. सकाळी रिक्षा, मग फेरीबोट, मग एसटी, मग स्टँडवरून परत रिक्षा. चार तास मशीनवर. सुया काढल्या की माणूस पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखा होतो, प्रेशर उतरलेलं, पायात गोळे. आणि त्याच अवस्थेत हे सगळं उलट्या क्रमाने. सोबत आई. मी ठाण्यात. रोज रात्री फोन करायचो, "कसं झालं आज?" "झालं." इतकंच.

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी मांडलं की या पट्ट्यातल्या डायलिसिसवाल्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस एक इको गाडी लावायची, दारातून दारात. तुला मुंबईकर मंडळ माहीत आहे. एकजण म्हणाले, एवढे पैसे जमणार असतील तर सभामंडपाच्या लाद्या आधी. दुसरे म्हणाले, गाडीला कुणाचं नाव द्यायचं? दीड तास त्यात गेला. शेवटी आमच्या शेजारचे अण्णा, जे मीटिंगला झोपायलाच येतात असं सगळे समजतात, डोळे न उघडता म्हणाले, "त्याच्या बापसाचा पैका, त्याला धावूं दे." पैसे बाबांचे नव्हते, पण विषय संपला.

दोन लाख चौदा हजार जमले. आकडा लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे.

पहाटे साडेचारला निघालो. माघाची थंडी, आंब्याला मोहोर, कपाळावर हेडटॉर्च. वाडीतली कुत्री रोहिल्याच्या अलीकडपर्यंत सोबतीला. निघण्याआधी मी वजन केलं होतं. धावणारे करतात, आधीचं आणि नंतरचं, म्हणजे घामातून किती गेलं ते कळतं. काट्यावर उभा राहिलो आणि मागून आई म्हणाली, "किती?" सुन्या, तोच सूर. बाबांना ती रोज सकाळी असंच विचारायची. त्यांचं वजन दोन पाळ्यांच्या मधे वाढायचं, कारण प्यालेलं पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा धरून, आमटी धरून. आई स्टीलच्या बाटलीत सकाळी पाणी भरून ठेवायची आणि चहा झाला की बाटलीतलं तेवढं पाणी तुळशीला घालायची. संध्याकाळी बाटली हलवून बघायचे बाबा. आवाजावरून कळायचं किती उरलंय.

आणि मी पाठीवर दीड लिटर घेऊन निघालेलो, शिवाय मागे येणाऱ्या इकोत एक डझन शहाळी.

शहाळ्याचं सांगायलाच हवं. त्यात पोटॅशियम भरपूर. किडन्या चालत नसल्या की ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यावर जातं. म्हणजे शहाळं बंद, केळं बंद, आंबा बंद, भाजी उकडून पाणी ओतून मग फोडणीला. सव्वीस माड आणि अकरा हापूसची कलमं असलेल्या माणसाला! पाडेली नारळ काढायला यायचा तेव्हा बाबा खळ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि आल्यागेल्याला शहाळं फोडून द्यायचे. हट्टाने. समोरचा पिताना बघत राहायचे. मला तेव्हा राग यायचा.

तवसाळला पहिली फेरी मिळाली. तू नक्की विचारणार, खाडीचं अंतर धरलंस का? नाही धरलं. घड्याळ थांबवलं होतं. तिकीट फाडणाऱ्याने माझ्या अवताराकडे बघितलं, मग इकोच्या काचेवर लावलेला बाबांचा फोटो बघितला.

"हे आमचे शनवारवाले," तो म्हणाला. मग एक गोष्ट सांगितली, जी आईने मला कधीच सांगितली नव्हती. एकदा एसटी वाटेत बिघडली आणि ही दोघं जयगडला पोचेपर्यंत शेवटची फेरी सुटून गेली होती. पावसाळा नुकताच संपलेला. जेटीवर बाबा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले. मग कुणीतरी मच्छीमाराने होडीतून पलीकडे सोडलं. त्या रात्री मी फोन केला होता का? केला असणार. "झालं" म्हणाले असणार.

जयगडला उतरलो तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. पंधरा मिनिटं बसलं की असं होतं म्हणतात. पाय बसल्यामुळेच तसे झाले होते, असं तूर्त धरू.

मालगुंडपर्यंत मजेत. केशवसुतांच्या गावात एका घरासमोर लिंबू सरबत मिळालं, मिठाचं, बायकांनी ओढून बसवलं. गणपतीपुळ्यात पर्यटकांची गर्दी, एका पोराने विचारलं, "अंकल, रेस आहे का? बाकीचे कुठे?" त्याच्या आईने त्याला गप्प केलं, पण प्रश्न बरोबर होता.

आरे-वारेचा चढ मात्र लागला. साडेबारा, डोक्यावर ऊन, खाली डांबर, बाजूला तापलेला कातळ, आणि समुद्र इतका सुंदर की त्याचाच संताप यावा. तिथे डाव्या पोटरीत गोळा आला तो जाईना. रस्त्याकडेला आडवा झालो. गाडीवाल्या पोराने प्रेमाने खिशातून गोळी काढली, पेनकिलर. मी त्याच्यावर ओरडलो. नंतर माफी मागितली. त्याला काय माहीत? अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला घातक, हे मला बाबांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. बाबांनी कंबरेसाठी वर्षानुवर्षं दुकानातून आणून तसल्याच गोळ्या खाल्ल्या होत्या, शेंगदाण्यासारख्या. त्यानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, प्रेशरही होतंच. पण पाकीट आणून देणारा बरेचदा मीच असायचो.

मग मीठ लावलेला उकडलेला बटाटा, ओआरएस, आणि चालणं. पुढचं निम्मं मी चाललोच. कुणाला सांगू नकोस असं म्हणणार होतो, पण मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय.

पावणेतीनला पोचलो. टाळ्या वगैरे काही नाही. दुपारची पाळी चालू व्हायची होती, बाकावर माणसं डबे सांभाळून बसलेली. बाबांचा टेक्निशियन बाहेर आला, काही न बोलता मला पेशंटच्या वजनकाट्यावर उभं केलं. दोन किलो सहाशे कमी. तो म्हणाला, "काकांचंही एवढंच काढायचो आम्ही. चार तासांत." मी भिंतीला टेकलो.

सकाळच्या पाळीतल्या रोहिल्याच्या एक मावशी तिथेच एसटीच्या वेळेची वाट बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "परत रिकामीच जातेय ना?" गाडी एक मार्चपासून सुरू व्हायची होती. पहिली खेप त्या दिवशीच झाली. मावशी, तवसाळचे एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा.

मागच्या सीटखाली उरलेली चार शहाळी वळणावळणाला गडगडत होती. घसा सुकलेला, पण मी हात लावेना. मावशी बर्फाचा खडा तोंडात घोळवत होत्या. फेरीबोटीवर त्या म्हणाल्या, "पी की रे. आम्ही काय बघून मरत नाय." मी प्यालो. त्या बघत होत्या, अगदी बाबांसारख्या.

आता कामाचं. एका खेपेला पेट्रोल, ड्रायव्हर आणि फेरीबोट धरून अठ्ठावीसशे जातात. म्हणजे आपले पैसे जेमतेम सहा महिने पुरतील, गणपतीपर्यंत म्हण. तू सीए आहेस, तुझ्या ओळखीत कंपन्या आहेत. कागद काय लागतात, मंडळाची नोंदणी चालेल का, ते बघून सांग. आणि मे महिन्यात दोन दिवस काढून ये. आई तुझी आठवण काढते. येताना गाडी आणू नकोस, एसटीने ये.

तुझा,
बंड्या