मुलगी कुठे दिली?

स्टॉकहोम, रविवार

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

स्वीडिश शिकताना कुठला शब्द मनात घर करून बसला, असं तू विचारलं होतंस. तो शब्द म्हणजे ‘गिफ्ट’. इथे त्याचा भेटवस्तूशी संबंध नाही. सरकारी फॉर्मवर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘गिफ्ट’ म्हणजे विवाहित. आणि पोराने चुकून फिनेल वगैरे प्यायलं, तर ज्या केंद्राला फोन करायचा, त्याच्या नावातही गिफ्टच, म्हणजे विष! स्पेलिंग एक, उच्चारही एक, ‘यिफ्ट’. कारण स्वीडिशमध्ये ‘इ’च्या आधीच्या ‘ग’चा ‘य’ होतो. यावर नवरा-बायकोचे विनोद भरपूर चालतात, पण मला ओढ लागली ती या शब्दाच्या कुळाची.

मूळ अर्थ एवढाच, ‘दिलेलं’. जुन्या इंग्रजीत वधूसाठी मोजलेल्या मोबदल्याला हा शब्द होता आणि त्याचं अनेकवचन म्हणजे लग्न. तेव्हा इंग्रजही ‘यिफ्ट’च म्हणायचे. आजचा कडक ‘ग’ त्यांनी व्हायकिंगांच्या बोलीतून उचलला. आणि त्या व्हायकिंगांचे स्वीडनमधले वंशज आता ‘य’ म्हणतात. आहे की नाही गंमत?

विषाचा अर्थ आला वैद्यकातून. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणं, वैद्य एका वेळी देतो तेवढं औषध. जर्मनांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं, ‘गिफ्ट’. औषध ‘देता देता’ विष ‘देणं’ही त्याच सभ्य शब्दाआड लपलं, आणि हळूहळू तोच अर्थ उरला. भेटीचा अर्थ जर्मनमध्ये आता ‘मिटगिफ्ट’पुरता शिल्लक आहे. त्याचा अर्थ, मुलीबरोबर दिलेलं. हुंडा, मंदा! डचांनी मात्र वाटणी करून टाकली, देणगी ती ‘गिफ्ट’ आणि विष ते ‘गिफ’.

पॅरासेल्सस या वैद्याने 1538 मध्ये जर्मनमध्ये लिहिलं की सगळ्याच वस्तू विष आहेत, एखादी विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. त्या एका वाक्यात ‘गिफ्ट’ही आहे आणि ‘डोसिस’ही. मूळ शब्द आणि त्याचं भाषांतर शेजारी शेजारी बसलेत!

फ्रेंचांनी वेगळी वाट धरली. त्यांचा ‘प्वाझों’ आणि इंग्रजांचा ‘पॉयझन’ लॅटिन ‘पोतिओ’वरून आले, म्हणजे पेय, पाजलेलं. ‘डोसिस’ आपल्या ‘दा’ धातूचा सख्खा, ‘पोतिओ’ आपल्या ‘पा’चा. तेव्हा सासूबाईंनी उपदेशाचा ‘डोस पाजला’ असं आपण म्हणतो, त्यात हे दोन्ही धातू एकत्र येतात. हे सुचलं तेव्हा मी किती खूश झाले, काय सांगू!

लग्नाचा अर्थ मात्र जिव्हारी लागला. मुलगी ‘दिली’ जायची, म्हणून ती ‘गिफ्ट’. स्वीडनच्या 1734 च्या कायद्यात तिला देणाऱ्या पुरुषाला, बहुधा बापालाच, ‘यिफ्टूमान’ असं खास नाव होतं. त्याच्या संमतीशिवाय तिचं लग्न होत नसे. सज्ञान अविवाहित बाईला स्वतःच्या मर्जीने लग्न करता येऊ लागलं ते 1872 मध्ये. शब्द तोच राहिला, पण देणारा गळून पडला. आज इथे नवराही ‘गिफ्ट’ असतो, बायकोही.

आपल्याकडे अजून सहज विचारतात, “मुलगी कुठे दिली?” आणि कन्यादानातलं दान त्याच ‘दा’चं. म्हणून मुक्ताला कन्यादान नको असेल तर तू तिच्या बाजूने ठाम उभी राहा. हट्ट म्हणू नकोस त्याला. सप्तपदी ठेवा, लाजाहोम ठेवा, मंगलाष्टकं तर हवीतच, दान तेवढं वगळा. तुमचे गुरुजी तयार नसतील तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पुरोहित स्त्रिया लग्नं लावतात, त्यांच्याशी बोल. भाऊजींना हे पत्र खुशाल वाचायला दे.

तारीख ठरली की लगेच कळव. मला रजा आधी टाकावी लागते आणि तिकिटं फार महाग होतात.

तुझी,
अनू