माळवद पाडण्याआधी

प्रिय विनू,

पत्र मिळालं. "जुनं खरं काय ते कुणालाच कळत नाही, कळलं तरी माणूस शिकत नाही," असं ठोकून देतोस आणि दोन ओळींखाली गावचं जुनं, मातीच्या सपाट छताचं माळवद पाडून स्लॅब टाकायचं म्हणतोस. कारण किल्लारीचा भूकंप! म्हणजे शिकलास की रे. काय शिकलास, यावर माझं भांडण आहे.

१९९३ पर्यंत आपला भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा काळा दगड हलत नाही, ही समजूत इतकी पक्की, की १९६७ ला कोयना हादरली तीही धरणाच्या पाण्यामुळे म्हणून वेगळी काढता आली (त्यात तथ्यही होतं). नोंद नाही म्हणजे घडलंच नाही, असं शहाण्यांनीही धरलं. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले, लोक घाबरले, मग धक्के ओसरले तशी भीतीही. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास ६.२ चा भूकंप. जवळपास १० हजार माणसं गेली. २००२ मध्ये नकाशातला तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला.

दगडानं मारलं, असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. भिंत दोन-अडीच फूट जाड खरी, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची माती, गळतं म्हणून पावसाळ्याआधी आणखी एक थर. भिंत फुगून सुटली की तो सगळा भार खालच्या माणसांवर. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे मात्र भिंती ढासळूनही छत खांबांवर तगलं आणि माणसं वाचली. जुन्या सुतारांनी हे भूकंप डोळ्यापुढे ठेवून केलं, असं कुणी अभिमानानं सांगू लागला तर मी मानणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण खांब उभे राहिले, हा पुरावा आहेच.

आणि स्लॅबचं म्हणशील, तर २००१ ला भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारतीच बसल्या होत्या.

तेव्हा घाई नको. आधी वरची माती उतरव, खांबांना वाळवी आहे का बघ आणि गवंड्याच्या शब्दावर न जाता एखाद्या इंजिनिअरला भिंती दाखव. एवढं करून तो पाड म्हणाला, तर खुशाल पाड. सागवान तेवढं विकू नकोस, मला दरवाजाला हवंय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिलीप