बिनतिकिटाची एक दुपार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील वुडस्टॉक महोत्सवावरचा लेख वाचला. १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या दिवसांत अमेरिकेतील बेथेल येथे मॅक्स यासगर यांच्या शेतावर चार लाखांहून अधिक तरुण जमले, कुंपण वेळेत पुरे न झाल्यामुळे तिकिटांना अर्थ उरला नाही, पहिल्याच रात्री पावसात पंडित रविशंकर यांनी सतार वाजवली, हा सारा तपशील लेखात नेमका आला आहे. मात्र हिप्पी काळातले मोफत महोत्सव म्हणजे चिखल, गांजा आणि बेबंदपणा, असा जो निष्कर्ष लेखाच्या शेवटी काढला आहे, तो मला मान्य नाही. त्याच शनिवारी, म्हणजे १६ ऑगस्टला, लंडनच्या दक्षिणेकडील बेकनहॅम या उपनगरात एक लहानसा मोफत महोत्सव झाला आणि त्या महोत्सवाला मी स्वतः हजर होतो.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने घडवणारा कारागीर होतो आणि मालकांनी मला वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवले होते. बेकनहॅममध्ये एका वृद्ध बाईंच्या घरी भाड्याची खोली घेऊन मी राहत असे. त्याच गावातल्या काही तरुण मुलांनी मे महिन्यापासून ‘थ्री टन्स’ नावाच्या पबच्या मागच्या खोलीत ‘आर्ट्‌स लॅब’ सुरू केली होती. दर रविवारी रात्री तिथे गाणी, कविता असे काही ना काही चाले. या आर्ट्‌स लॅबसाठी निधी उभा करावा म्हणून त्यांनी क्रॉयडन रोडच्या सार्वजनिक बागेत दुपारभराचा महोत्सव ठरवला. बागेला फाटक होते, पण त्या फाटकावर तिकीट मागणारा कोणी नव्हता. मी आत गेलो तेव्हा हिरवळीवर दोन-तीन हजार माणसे असावीत. त्यात लांब केसांची मुले होती, तशाच बाबागाडी घेऊन आलेल्या आया आणि टोपी घातलेले पेन्शनरही होते. गांजाचा वास मुळीच आला नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दुपारी मी भांडण पाहिले नाही, कोणाला शिवीगाळ करताना ऐकले नाही आणि अंधार पडण्यापूर्वी बाग रिकामी झालेली पाहिली.

गाणी बागेतल्या बँडस्टँडवर, म्हणजे वादकांसाठी उभारलेल्या छत्रीसारख्या मंडपात चालू होती. हा बँडस्टँड बिडाचा, १९०५ साली ग्लासगोच्या मॅककॅलम अँड होप या फाउंड्रीत ओतलेला. हे नाव मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले, पण त्या दिवशी धंद्याच्या सवयीने मी गाण्याआधी खांबांकडेच गेलो. रंगाचे थर इतके जाड होते की नक्षीच्या कडा बुजल्या होत्या, तरीही बोट फिरवल्यावर साच्याच्या दोन भागांमधली शिवण हाताला लागली आणि घरापासून इतक्या दूर कोणी ओळखीचे भेटावे तसे मला वाटले. हात त्या खांबावर असतानाच गाणारा मुलगा माझ्यापासून पाच-सहा हातांवर उभा होता. कुरळे केस, अंगाने काटकुळा, वय बावीस. त्याचे नाव डेव्हिड बोवी. महिन्यापूर्वीच, ११ जुलैला, त्याचे अंतराळवीरावरचे गाणे बाजारात आले होते, परंतु तो पुढे जगभर गाजेल असे त्या हिरवळीवर कोणाला वाटत असेल, असे मला आठवत नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये तो कोणाशी धड बोलत नव्हता, चेहरा आंबलेला होता, आणि मी मनात त्याला शिष्ट ठरवून टाकले. त्याचे वडील ५ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, वारले होते, हे मला खूप उशिरा कळले. आपल्याकडे तेराव्याच्या आत माणूस उंबरठ्याबाहेर पडत नाही. हा मुलगा कबूल केलेले काम करायला आला होता. त्या दिवशी मी त्याच्याविषयी केलेले मत आजही मला टोचते.

कडेने मांडलेल्या दुकानांत पोस्टर, दागिने आणि तिबेटी वस्तू विकायला होत्या, मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ होता. बांधकामावर वाळू वाहायला वापरतात तशा एकचाकी लोखंडी गाडीत निखारे घालून अँजेला बार्नेट ही तरुणी, जी पुढे बोवीची पत्नी झाली, हॅम्बर्गर भाजत होती. संध्याकाळी तीन-चार मुले पोती घेऊन कागद गोळा करू लागली, तेव्हा मीही एक पोते उचलले. कोणी सांगितले नव्हते.

हे सर्व मी घरी लिहिले. माझे वडील पेटी वाजवत आणि गायन समाज देवल क्लब या कोल्हापूरच्या संगीतसंस्थेच्या बैठका सहसा चुकवत नसत. त्यांचे उत्तर चार ओळींचे होते आणि त्यात एकच प्रश्न होता : तिकीट नव्हते, तर गवयांची बिदागी कोणी भागवली ते कळव. हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसाचा होता. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारगायक म्हणून या गावात आणले तेव्हा गाण्याचा खर्च दरबाराने उचलला, म्हणूनच इथल्या सामान्य माणसाच्या कानावर ते गाणे पडले. फुकट ऐकायला मिळालेल्या गाण्याचे पैसे कोणीतरी मोजलेले असतात, हे वडिलांना पक्के ठाऊक होते. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आज देतो. तिथे दरबार नव्हता, कंपनीचा फलकही नव्हता. विशी-बाविशीतल्या मुलांनी आपली मेहनत घातली, दुकानांचे उत्पन्न आर्ट्‌स लॅबला दिले आणि ऐकणाऱ्याला मात्र दारात अडवले नाही. वुडस्टॉक नाइलाजाने मोफत झाले; बेकनहॅम ठरवून मोफत होते. आपल्या लेखातून नेमका हा फरक सुटला आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये, त्या दुपारीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, इंग्लंडमध्ये या बँडस्टँडला संरक्षित वास्तूचा दर्जा देण्यात आला. तिथल्या रहिवाशांनी त्याच्या दुरुस्तीसाठी त्याच बागेत पुन्हा गाण्याचे कार्यक्रम करून पैसे जमवले. दोन-तीन हजार माणसांची एक दुपार गावाने अशी जपली.

वर्गणी कशी काढावी हे कोल्हापूरच्या तालमींना कोणी शिकवण्याची गरज नाही. चैत्रात जोतिबाच्या वाटेवर अन्नछत्रे चालतात, तिथेही कोणी पावती विचारत नाही. उत्सवात साउंडच्या भिंतींवर जे पैसे जातात त्यांतला लहानसा हिस्सा बाजूला काढून एखाद्या पेठेच्या तरुणांनी महावीर उद्यानात किंवा हुतात्मा पार्कात वर्षातून एक दुपार गाण्याला द्यावी. देवल क्लबमध्ये शिकणारी मुले गातील, शाहीर गातील, गिटार वाजवणारी कॉलेजची मुलेही वाजवतील. गवयाला बिदागी मिळालीच पाहिजे, ती वर्गणीतून द्यावी. दारावर मात्र देणगीची पेटीही ठेवू नये. अंधार पडण्यापूर्वी कार्यक्रम संपवावा म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार उरणार नाही.

माझे वय आता ऐंशीच्या पुढे आहे, त्यामुळे धावपळ माझ्याने होणार नाही. परंतु कोणत्याही पेठेतील मुलांनी हे मनावर घेतले तर पहिली वर्गणी माझी धरावी. घरात वडिलांच्या बैठकीच्या चार सतरंज्या अजून धड आहेत, त्याही घेऊन जाव्यात.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शिवाजी पेठ, कोल्हापूर