आधी न्हाणी बांध

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मी गप्प झाले म्हणून तुला वाटलं असेल, आईला पटलं नाही. तसं नाही रे. गॅसवर दूध होतं आणि तुझे बाबा शेजारी उभे राहून "काय म्हणतोय, काय म्हणतोय" करत होते. शिवाय घर बांधण्याच्या गोष्टी मला तोंडी नीट सांगता येत नाहीत. म्हणून रात्री ट्रंकेतून जुनी वही काढली. घर बांधताना लिहायचे ती. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण आकडे शाबूत आहेत.

तू म्हणालास, दिवाळीनंतर सहा महिने बिनपगारी रजा काढतो आणि त्या चार गुंठ्यांत माझं घर मीच बांधतो. बाबांनी बांधलं, मग मला का जमणार नाही?

यातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते. "बाबांनी घर बांधलं" असं सगळी वाडी म्हणते, तूही म्हणतोस. चिरे बाबांनी वाहिले, लावले मिस्त्रींनी बाबांना हाताशी धरून, आणि मापं माझी. म्हणजे घरात जे जे चुकलंय त्यातलं निम्मं माझ्या नावावर आहे. गेली सत्तावीस वर्षं मी ते कुणाला बोलले नाही.

स्वयंपाकघरात फडताळाखालची भिंतीलगतची फरशी आठवते? दाराशी ती तीन इंच रुंद आहे आणि मोरीशी जाता जाता अर्धा इंच उरते. तू लहानपणी तिच्यावरून गाडी पळवायचास आणि मोरीपाशी पोचलास की ओरडायचास, "रस्ता संपला!" तो रस्ता मी संपवला. मी शाळेत सातवीला पायथागोरस शिकवत होते, त्यामुळे आखणीच्या दिवशी मिस्त्रींना म्हटलं, गुण्या राहू दे, मी दोरीने काटकोन काढते. तीन फूट, चार फूट आणि तिरकस पाच. गणित बरोबरच होतं. पण सुतळी ताणली की लांबते, हे गणितात नसतं. चार फुटांवर माझी अर्ध्या इंचाची चूक झाली. तीच ओळ पुढे वीस फुटांपर्यंत नेली तेव्हा अडीच इंच झाली. खुंट्या ठोकल्या, चुना टाकला, पाया खणला, सगळं त्या अडीच इंचांसकट. कळलं दोन वर्षांनी, फरशी बसवताना.

तेव्हा तू काटकोन काढशील तो नऊ, बारा, पंधराचा काढ, नाहीतर त्याहून मोठा. आणि सुतळीने नाही, पोलादी टेपने. मग चारही खुंट्या झाल्या की दोन्ही कर्ण मोज. आपलं घर तीस बाय वीस. त्याचे दोन्ही कर्ण छत्तीस फूट आणि जवळजवळ पाऊण इंच यायला हवे होते. दोन कर्ण सारखे आले नाहीत तर कुदळीला हात लावू नकोस. दहा मिनिटांचं काम आहे. मी केलं नाही, कारण बाई म्हणून मिस्त्रींसमोर पुन्हा मोजायची लाज वाटली. असली लाज फार महाग पडते बघ.

आता मुद्द्याचं. तुला घर बांधायचंय ना, मग आधी न्हाणी बांध.

१९९६च्या नोव्हेंबरात आम्ही मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा त्यांनी हेच सांगितलं होतं. मागची सहा बाय पाचची न्हाणी तुम्ही दोघांनी बांधा, मी नुसता येऊन बघेन. आम्हाला अपमान वाटला. आता वाटतं, त्या न्हाणीत घरातलं सगळं काम येतं. पाया येतो, चार कोपरे येतात, दार सोडावं लागतं, दारावर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, टाकावं लागतं, ओळंबा लावून भिंत चढवावी लागते, गिलावा, पाइप, फरशी. चुकलं तरी नुकसान न्हाणीएवढंच.

आणि चुकलंच. बाबांनी फरशीवर पाणसळ ठेवून, जीभ बाहेर काढून, जमीन अशी सपाट केली की बुडबुडा मधोमध. आम्ही खूश. मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले, तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जरा घुटमळलं आणि दाराकडे निघालं. मिस्त्री काही बोलले नाहीत, उंबऱ्यावर बसून विडी पेटवली. न्हाणी सपाट करायची नसते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! फुटाला पाव इंच उतार, मोरीच्या भोकाकडे. सहा फुटांना दीड इंच. तुला आठवत असेल, आंघोळीनंतर आपण सगळे खराट्याने पाणी मागे लोटायचो. तू तर टाचांवर चालायचास.

पण त्या दीड महिन्यात बाबांचा हात बसला. सिमेंट-वाळूचा माल किती पातळ करायचा, थापीवर किती घ्यायचा, खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, चिरा लावण्याआधी भिजवायचा नाहीतर तो मालातलं पाणी शोषून घेतो. हे सगळं तू व्हिडिओत पाहिलं असशील. मनगटाला कळायला मात्र शे-दोनशे चिरे लावावे लागतात.

मातीच्या घराचे व्हिडिओ पाठवलेस तेही पाहिले. छान आहेत. लॉरी बेकर म्हणून वास्तुविशारद होते, ते सांगायचे, की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं असं त्यांना गांधीजींनी सांगितलं होतं. आपल्याकडे पाच मैलांत जांभा दगड आहे. तू त्याच्या चिऱ्यांचंच बांध. बुकानन नावाच्या साहेबाने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट नाव दिलं, कारण लोक तो विटांसारखा कापत होते. खाणीतून निघतो तेव्हा नरम असतो, वारा लागला की घट्ट होतो. म्हणून खाणीतून आलेला ताजा चिरा गाडीतून उतरवून थेट भिंतीत घालायचा नाही. पांढरट मातीच्या गाठी दिसतील तो बाजूला टाक, गाडीवाला कितीही कुरकुरला तरी. पावसाळ्यात तिथेच भोक पडतं.

सहा महिन्यांत घर होईल हा हिशेब मात्र सोड. इथे काम करायचे दिवस दिवाळीपासून मिरगापर्यंत, आणि नवशिक्याचे हात अर्ध्या वेगाने चालतात. पहिल्या वर्षी जोत्यापाशी थांब. भराव सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसने ठोकून घे, आणि मग त्यावरून एक पावसाळा जाऊ दे. जे बसायचंय ते त्या पावसात बसेल. घाईने वर कोबा केलास तर तो दोन वर्षांनी खाली पोकळ वाजेल. आम्ही थांबलो होतो. लोक हसायचे, जोत्यावर वाल लावलाय म्हणून. लावलाच होता, आणि चांगला आला होता.

दुसऱ्या वर्षी भिंती. लिंटेलचा पट्टा नुसता दारं-खिडक्यांवर टाकू नकोस, सगळ्या भिंतींवरून अखंड फिरव. माझी आई ११ डिसेंबर १९६७ची पहाट सांगायची, कोयनेचा भूकंप. सगळी अंगणात येऊन बसली होती आणि मागच्या भिंतीचा कोपरा वरपासून उकलला होता. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटतात, म्हणून तो पट्टा, पोत्याचं तोंड सुतळीने बांधावं तसा. त्यातली सळई, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब हे इंजिनिअरकडून काढून घे. तिथे ना तुझे व्हिडिओ, ना माझी वही. वायरिंगलाही परवाना असलेला माणूस.

पाणी मारायचं काम मात्र आपलं, ते मजुरावर सोडू नकोस. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. किमान सात दिवस ओलं राहायला हवं, आणि हल्ली राख मिसळलेलं सिमेंट मिळतं त्याला दहा. मी पहाटे साडेचारला उठून मारायचे, मग शाळा, मग संध्याकाळी पुन्हा. लिंटेलवर गोणपाट गुंडाळून ठेवायचे. एप्रिलात विहीर तळाला गेली होती, एक कळशी भरायला तीन वेळा दोर सोडावा लागायचा. त्यातच तुझ्या मावशीच्या दिराचं लग्न आलं, आम्ही तीन दिवस गेलो. पडवीच्या भिंतीला तेव्हा नुकता गिलावा केला होता. कॅलेंडरच्या खिळ्यापाशी अजून वाळू झडते ती त्या लग्नाची.

आणि आता हस. कौलांचा हिशेब. शंभर चौरस फुटांना दीडशे मंगलोरी कौलं लागतात हे दुकानदाराने सांगितलं. घर सहाशे फूट, म्हणून मी नऊशे मागवली. गणिताची बाई! भिंतीबाहेर दोन-दोन फूट वळचण येते हे विसरले, आणि छप्पर उतरतं असतं हेही विसरले. चोवीस गुणिले चौतीस म्हणजे आठशे सोळा. तीस अंशांच्या उताराला ते एक पूर्णांक पंधरा शतांश पट होतं, म्हणजे साडेनऊशेच्या घरात. कौलं हवी होती चौदाशेच्या वर, फुटकी धरून पंधराशे. मे संपत आला होता. बाबा एक शब्द बोलले नाहीत, टेम्पो बघायला गेले. पश्चिमेची बाजू कौलांवाचून उघडी आणि ढग भरून आलेले. पहिल्या दोन सरी आपण ताडपत्रीखाली काढल्या. तू चार वर्षांचा होतास, तुला ती सहल वाटली.

बाकी कागदपत्रांचं बाबा बघतील. एवढंच, खणण्याआधी सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घे. शेजारी आज गोड आहेत, गडगा घातल्यावर कळतं.

तर माझं म्हणणं असं. रजेचा अर्ज एवढ्यात टाकू नकोस. दिवाळीला पंधरा दिवस जास्त राहा. मागची न्हाणी आम्ही यंदा पाडतोय, बाबांचा गुडघा आता त्या उलट्या पाण्यात टिकत नाही. नवी तू बांध. मिस्त्री आता थकलेत, काम करत नाहीत, पण खुर्ची टाकली तर येऊन बसतील, मी विचारलंय. तांब्याभर पाणी ओतायला येतो म्हणाले.

येताना चांगली शंभर फुटी टेप घेऊन ये. आपल्या टेपचा पहिला एक फूट तुटून गेलाय. मी फुटापासून मोजते आणि मनात एक वजा करते, बाबा वजा करायचं विसरतात.

तुझी,
आई