क्लाऊडच्या नावाखाली नक्की काय विकताय ते जाहिरातीत सांगा

संपादक महोदय,

आपल्या पेपरात हल्ली बिलिंगच्या नाहीतर पगाराच्या सॉफ्टवेअरची जाहिरात सारखी दिसते आणि त्यात क्लाऊड, ऑनलाईन, होस्टेड, सॅस हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरलेले असतात. मी नाशकात छोट्या कारखानदारांचे हिशोब बघते, अंबड-सातपूरचे बरेच क्लायंट आहेत, आणि या गोंधळात लोकांचे पैसे अडकतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

१९९० च्या दशकाच्या शेवटी एएसपी, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस प्रोव्हायडर, हा प्रकार आला. हे लोक बहुतेक करून दुसऱ्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचे, आपल्या सर्व्हरवर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं टाकायचे आणि भाडं लावायचे. गिऱ्हाईक वाढलं की खर्चही तसाच वाढायचा, अपडेट करायचं तर प्रत्येकाचं वेगळं, आणि डॉटकॉमचा फुगा फुटला, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच कंपन्या बसल्या. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने मात्र सॉफ्टवेअर मुळातच ब्राऊझरसाठी लिहिलं, सगळ्यांना कोड एकच, फक्त प्रत्येकाचा डेटा वेगळा. याला मल्टिटेनंट म्हणतात. आधी ऑनडिमांड म्हणायचे, मग सॅस, सॉफ्टवेअर अ‍ॅज अ सर्व्हिस, हे नाव रुळलं. क्लाऊड, म्हणजे दुसऱ्याचे सर्व्हर नाहीतर सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वापरणं, हा शब्द बोलण्यात आला तो २००६ च्या सुमारास, त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने स्टोरेज आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने क्लाऊडची व्याख्या केली त्यात तीन प्रकार आहेत, सॉफ्टवेअर, प्लॅटफॉर्म (सॉफ्टवेअर बनवून चालवायची सोय) आणि इन्फ्रास्ट्रक्चर (नुसते सर्व्हर आणि स्टोरेज), म्हणजे सॅस हा क्लाऊडचा एक प्रकार झाला, क्लाऊडवर ठेवलेलं सगळंच काही सॅस नसतं.

आणि सबस्क्रिप्शन ही तर नुसती पैसे भरायची पद्धत आहे. अ‍ॅडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाऊडच्या नावातच क्लाऊड आहे, भाडंही भरावं लागतं, पण त्यातलं नेहमीचं फोटोशॉप चालतं ते तुमच्याच कॉम्प्युटरवर.

आता आपल्याकडे काय होतं बघा. अंबडमधल्या माझ्या एका क्लायंटला क्लाऊड अकाउंटिंग म्हणून जे विकलं ते खरं तर साधं डेस्कटॉपचं पॅकेज होतं, कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर टाकलेलं, रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या सर्व्हरचा स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर आणून, उघडायचं. लायसन्सचे पैसे वेगळे, सर्व्हरचं भाडं वेगळं, बॅकअप कोणी घ्यायचा ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि महिनाअखेरीला सगळे एकदम बसले की स्क्रीन जागच्या जागी. ही तीच जुनी एएसपीची पद्धत, फक्त नाव नवीन. शेवटी त्यांनी सोडायचं ठरवलं तर हातात नुसत्या पीडीएफ आल्या, त्यातून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच भरता येईना, सगळ्या एंट्र्या पुन्हा हाताने. जीएसटी कायद्यात वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब सांभाळावे लागतात, मग भाडं बंद झालं की डेटाही बंद असं कसं चालेल?

होस्टेड, म्हणजे असं भाड्याच्या सर्व्हरवर टाकलेलं सॉफ्टवेअर, वाईटच असतं असं अजिबात नाही हं. ज्यांनी स्वतःचे रिपोर्ट बनवून घेतलेत, अपडेट कधी घ्यायचं ते स्वतः ठरवायचंय, त्यांना तेच बरं पडतं. सॅसमध्ये अपडेट आपोआप येतं पण ते नको म्हणायची सोय बहुतेक वेळा नसते, आणि कंपनीने एखादा रिपोर्ट काढून टाकला तर तो सगळ्यांचाच जातो. तरी चार-पाच माणसांच्या वर्कशॉपला मी सॅसच घ्या म्हणते, सर्व्हर सांभाळायला तिथे माणूस कुठे असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जाहिरात घेतानाच आपण विचारावं, सॉफ्टवेअर ब्राऊझरसाठी बनवलंय की डेस्कटॉपचं सर्व्हरवर टाकलंय, लायसन्स कोणाच्या नावावर, बॅकअप कोणाकडे आणि बंद केल्यावर डेटा एक्सेल नाहीतर सीएसव्हीमध्ये किती दिवसात मिळणार, आणि याची उत्तरं जाहिरातीतच छापावीत. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजकांच्या संघटनांनी मेंबरांसाठी अशा कराराचा एक नमुना मराठीत काढला तर फारच बरं होईल, डेटा परत देण्याचं कलम त्यात सगळ्यात वर असू दे.

एक अकाउंटंट,
सिडको, नाशिक